गोडबावीचे पाणी आणि हाशीची विचारणा

मोरवे बंदराच्या मागच्या फाटकाशी कंटेनरच्या गाड्यांची रांग सहसा तुटत नाही. वर्षातून एका सकाळी मात्र पहारेकरी स्वतः ती थांबवतात. नारळी पौर्णिमेनंतर जे पहिले जहाज धक्क्याला लागते, त्याच्यासाठी कोळीवाड्यातल्या बाया गोडबाव नावाच्या विहिरीचे पाणी हंड्यांत भरून आणतात. सोबत वाजंत्री नसते, नारळ नसतो, हळदकुंकूही नसते. नव्या माणसाला ही कसलीशी पूजा वाटते. ही पूजा नव्हे. वाड्यातली जुनी माणसे हिला 'विचारणा' म्हणतात, आणि ती जोमा पाटलापासून सुरू झाली, असे सांगतात.

तेव्हा इथे धक्का नव्हता. खाडीचे पाणी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येई आणि होड्या अंगणाशी बांधलेल्या असत. वाड्याचा कारभार जोमाकडे होता. शब्दाचा कडक, पण न्यायाचा माणूस. त्याची बायको कधीच गेली होती. जावई तुफानात गेला, तेव्हापासून मुलगी हाशी आणि तिचा लहानगा त्याच्याच घरी राहत.

एका वर्षी एका गलबतातून पटकीची साथ वाड्यात उतरली. घरामागून घर रिकामे होत गेले. हाशीचे पोरही पडले. पटकीच्या माणसाला पाण्याचा थेंब देऊ नका, असे वैदूने बजावले होते. पोर पाणी पाणी करत राहिले. हाशी तांब्याकडे गेली, की जोमा तिचा हात धरी. पोर गेले. पुढे कळले, की चोरून पाणी प्यालेली काही माणसे जगली होती. हाशी त्यावरून बापाला एक शब्दही बोलली नाही. वेळेवर त्याला वाढत राहिली, मासळीची पाटी घेऊन बाजाराला जात राहिली. ती भांडली असती तर बरे झाले असते, असे जोमाला पुष्कळदा वाटे.

दुसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता खाडीच्या तोंडाशी एक जहाज येऊन उभे राहिले. शिडे फाटलेली, कठड्याला माणसेच माणसे. दुष्काळात मुलूख सोडून निघालेले लोक होते म्हणे ते, आणि त्यांच्यात पटकी शिरली होती. ते पाणी मागत होते. वारा किनाऱ्याकडे वळला की त्यांच्या पोरांचे रडणे घराघरात ऐकू येई.

जोमाने गाव देवळापुढे गोळा केला. जहाजाकडे कोणी होडी घालायची नाही, जो जाईल त्याने वाड्यात परत यायचे नाही, असे ठरले. कोणी हरकत घेतली नाही. ज्यांच्या घरात आदल्या वर्षीची माणसे उरली नव्हती, ते काय हरकत घेणार? जोमा घरी आला आणि त्याने खाडीकडचे दार लावून घेतले. तरी रडणे ऐकू येतच होते.

सकाळी हाशीने गोडबावीवर हंडे भरले आणि नवऱ्याच्या होडीत नेऊन ठेवले. बावीवरच्या बाया बघत राहिल्या. एकीने आपलाही हंडा पुढे केला, असे सांगतात. कोणीतरी जोमाला बातमी दिली. तो धावत आला, तेव्हा हाशी होडीची दोरी सोडत होती.

"हाशे, गावात काय ठरलंय ते ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय, बा. भाकरी करून ठेवलीय. जेवून घे."

जोमाने होडीचा कठडा धरला.

"त्या दिवशी वैदू बोलला म्हनून मी तुझा हात धरला, पोरी."

"माहीत हाय मला. तुझ्यावर राग नाय माझा." हाशीने त्याच्याकडे बघितले. "पन आज धरू नको."

जोमाने हात काढला. कोणी सांगतात, होडी चिखलात रुतली होती, ती त्यानेच लोटून दिली.

हाशी जहाजावर राहिली. खाडीच्या मध्यावर जाळी बांधायचा एक खुंट होता. जोमा रोज तिथवर जाऊन भरलेले हंडे खुंटाला लावलेल्या तराफ्यावर ठेवी आणि होडी मागे घेई. मग हाशी येई, हंडे उचली. दोघे लांबूनच बोलत. आज कोण उठून बसले, कोणाला पेज पचली, हे ती ओरडून सांगे. बापाने पाण्यासाठी गावापुढे हात पसरले नाहीत, पण हळूहळू त्याच्या दारात हंडे येऊन पडू लागले.

एके सकाळी तिने सांगितले, "आज कोनी गेलं नाय, बा." नंतरही कोणी गेले नाही. मग गावच पुन्हा देवळापुढे जमला, आणि हाशीला आणा, असे सगळ्यांनी जोमाला सांगितले.

उजाडताच तो निघाला. तिचे नवे लुगडे घेऊन निघाला होता, म्हणतात. खुंटाशी पोचला तर खाडीचे तोंड मोकळे होते. रात्रीतून वारा फिरला होता आणि जहाज शिडे लावून गेले होते. कोणी म्हणे, आईबाप गेलेल्या पोरांनी तिला सोडले नसेल. कोणी म्हणे, शेवटी तिलाही पटकी झाली असेल, आणि लोकांनी तिला समुद्राला दिले असेल. खरे काय ते कोणालाच कळले नाही. ती मेली असेल, हे बोलणे जोमाने कधी ऐकूनच घेतले नाही.

त्यानंतर खाडीत जे जहाज येई, त्याला तो पाणी घेऊन जाई. खलाशांचे पाणी पिऊन होईपर्यंत थांबे आणि मग विचारी, "आमची हाशी हाय का तुमच्यात?" म्हातारा झाला, दिसेनासे झाले, तरी होडीत बसून जाई. तो गेल्यावर पुढल्या नारळी पौर्णिमेनंतर पहिले जहाज आले, तेव्हा वाड्यातल्या बायांनी आपणहून हंडे उचलले.

पुढे भराव पडला, खाडी बुजली, खुंटाच्या जागी क्रेन उभ्या राहिल्या. आजही पहिल्या जहाजाशी हंडे उतरवले जातात, आणि जोमाच्या भावकीतली वडीलधारी बाई मान वर करून तेच विचारते. वर परमुलखातले खलाशी असतात. त्यांना भाषा कळत नाही. ते हसून हात हलवतात. बाया थोडा वेळ तिथेच उभ्या राहतात. मग त्यांतली एखादी म्हणते, "चला, पुढल्या वर्साच्या जहाजाला इचारू."