महाराजांनी ठेवून घेतलेला विसर

माणदेशात ओढ्याच्या काठाला शेरेचिंचोली नावाचे गाव आहे. तिथल्या बंद पडलेल्या तेलघाण्याच्या छपरात निवांत महाराज अकरा वर्षे राहिले. त्यांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी रडत आला, कोणी भांडत आला, की महाराज आधी म्हणायचे, "निवांत बस बाळा, मग बोल." तेच त्यांचे नाव पडून गेले. त्यांच्या चरणांना मनोभावे वंदन करून भाविकांनी ही गोष्ट ऐकावी. गोष्ट तशी एका सनईवाल्याची. पण तिचा खरा घोळ झाला तो एका ताठ मानेच्या माणसाच्या डोक्यात, म्हणून ती त्याच्याच अंगाने सांगतो.

त्या माणसाचे नाव आनंदराव पिंगळे. संस्थानच्या बँडात वीस वर्षे क्लॅरिनेट वाजवून ते गावी परतले आणि त्यांनी पितळी वाद्यांचा बँड उभा केला. लाल कोट, पिवळी बटणे, आणि प्रत्येकाच्या वाद्याला चिमट्याने लावलेला सुरावटीचा कागद. "कागद आहे तिथे चूक नाही," असे ते येताजाता ऐकवायचे. मिशा अशा की लिंबू ठेवावे आणि खुशाल जेवायला बसावे!

पण चैत्रातल्या भैरवनाथाच्या पालखीपुढे बँड नव्हता, सनई होती. तो मान सटवाजी गुरवाच्या घराचा. या पालखीची रीतच न्यारी. निघतानाचा देवळापुढचा धरून सात थांबे, आणि प्रत्येक थांबा सुटला की सनईची चाल बदलायची. भोई त्या चालीवर पाऊल टाकणार. सनई थांबली की पाऊल थांबले. आणि एकदा उचललेली पालखी परत देवळात जाईपर्यंत भुईला टेकवायची नाही, असा दंडक.

सटवाजी म्हणजे देवमाणूस. घरच्या ओट्यावर बसून वाजवायला लागला की सातही चाली घळघळ वाहायच्या. पण गेली दोन वर्षे चालता चालता त्याला भूल पडू लागली होती. चौथा थांबा सुटला की डोके कोरे! मागच्या साली कुंभारआळीच्या तोंडाशी तो सनई ओठाला लावून नुसताच उभा राहिला. गाल फुगलेले, बोटे भोकांवर, डोळे भिरभिरते. बायको कोंडाबाई शेजारी होती. तिलाच विचारतो, "कोंडे, आपून कुठं निघालोय गं?" त्या माउलीने उपरण्याला सात गाठी मारून दिल्या होत्या. गाठ बरोबर हाताला लागली, पण ती कशाची ते आठवेना. आठ भोई देवाला खांद्यावर घेऊन अर्धा तास ताटकळले.

"गुरवा," आनंदराव ओरडले, "सनईला सात भोकं, आणि आठवं तुझ्या डोक्याला!"

सारी आळी हसली. पंचांनी बसून ठरवले की यंदा एक वेळ पाहू. पुन्हा पालखी अडली तर मान बँडाचा. पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा अशी एका संध्याकाळवर येऊन ठेपली.

पालखीच्या दिवशी सकाळी आनंदराव तेलघाण्यावर गेले होते. मनात खात्रीच होती, तेव्हा बँडापुढे नारळ फोडायला महाराजांनी यावे, असे आमंत्रण द्यायचे होते. तेवढ्यात सटवाजी आला आणि महाराजांच्या पायाशी कोसळला.

"म्हाराज, सेवा गेली तर वर जाऊन बापाला काय त्वांड दावू? मला आठवन द्या."

महाराजांनी त्याला उठवून बसवले. मग म्हणाले, "आठवण आमच्याकडे नाही रे शिल्लक. विसर असेल तर ठेवून घेतो. पालखी देवळात जाईपर्यंत राहू दे इथे."

"इसर? त्यो कसा ठिवायचा?"

"आणलास तसा."

महाराजांनी पंचा पसरला. सटवाजीने डोके खाजवले, हातांकडे पाहिले, आनंदरावांकडेही पाहिले. शेवटी पीठ झटकावे तसे दोन्ही तळवे पंचावर झटकले. महाराजांनी पंचाची गुंडाळी करून मांडीखाली ठेवली आणि म्हणाले, "जा निवांत."

आनंदराव ओढा ओलांडेपर्यंत हसत होते. देवळाच्या पारावर त्यांनी चौघांना नक्कलही करून दाखवली.

ऊन उतरल्यावर पालखी निघाली. आनंदरावांनी कुंभारआळीच्या तोंडाशी आपला बँड नटवून उभा केला होता. सनई अडली रे अडली की कर्णे वाजायचे, असा बेत. तिसरा थांबा सुटला तसे त्यांच्या मनात आले, शिष्याची फजिती गुरूंनीही डोळ्यांनी पाहायला हवी. बँड हाताखालच्या माणसावर सोपवून ते लगबगीने ओढ्यापलीकडे गेले.

छपरात महाराज उभे होते. हातात तांब्या उपडा धरलेला. तो ते फिरवून फिरवून पाहत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली वस्तू.

"चला महाराज, चौथा थांबा आला."

महाराजांनी वळून पाहिले. डोळे भिरभिरत होते. "कोण तुम्ही?"

"मी आनंदराव. सकाळीच नाही का आलो होतो?"

"असं होय. आणि मी कोण?"

आनंदरावांना वाटले, साधू चेष्टेच्या लहरीत आहे. पण महाराजांचे ओठ सुकले होते, तांब्या हातात होता, शेजारी भरलेला माठ होता, आणि या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यांना उमगत नव्हते! आनंदरावांनीच तांब्यात पाणी भरले. तरी ते पाण्याकडे पाहत राहिले. "प्या," असे सांगितले तेव्हा प्यायले.

आणि तेवढ्यात ओढ्यावरून सनई ऐकू आली. चौथा थांबा सुटला होता. जिथे गेली दोन वर्षे सटवाजीचे पाणी आटायचे, तिथून सूर खळाळत पुढे निघाले होते. एका ठिकाणीही खाच नाही.

आनंदराव दारात गेले, कान देऊन ऐकले, आत आले, पुन्हा दारात गेले. तिकडे गुरवाला सगळे आठवत होते आणि इकडे या माणसाला पाणी कसे प्यायचे ते आठवत नव्हते. म्हणजे काय झाले? असे कसे होईल? पंचा झटकून कुणाचा विसर उतरतो का? सकाळी महाराजांनी मांडीखाली ठेवलेल्या त्या गुंडाळीकडे त्यांनी नजर टाकली. ती खाली चटईवर पडली होती. तिला हात लावायचे त्यांना धाडस होईना. वीस वर्षांच्या नोकरीत असला प्रसंग कोणत्याच कागदावर लिहिलेला नव्हता.

मागे हुंदका ऐकू आला. महाराज भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

"एक नाव होतं हो. दोन अक्षरांचं. सारखं तोंडात असायचं. कुठं गेलं? तुम्हाला ठाऊक आहे का?"

 चाचरत आनंदराव म्हणाले, "राम?"

"राम!" महाराजांचा चेहरा उजळला. लगेच पुन्हा विझला. "काय म्हणालात तुम्ही?"

"राम."

"हां, राम. राम... काय बरं?"

पाचवी चाल सरली, सहावी लागली, आणि आनंदराव नाव सांगतच राहिले. आधी वैतागून, मग घाईघाईने. थोडा वेळ गप्प राहिले तर महाराजांचा जीव इतका कासावीस होई की पाहवत नसे. शेवटी ते शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात धरून सांगू लागले. संस्थान सोडल्यापासून हे नाव त्यांच्या ओठी आले नव्हते. सांगता सांगता कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट बाहेर पडली. समोरच्याला काही आठवत नव्हते, तेव्हा सांगायला भीती कसली?

"दसऱ्याचं संचलन होतं महाराज. चाळीस जणांचा बँड, आणि एकट्याने वाजवायचा तुकडा माझा. राजेसाहेबांसमोर आलो आणि सगळं पुसलं गेलं. पाऊल पुढे पडेना. बँड मला मागे टाकून निघून गेला. मी तिथंच उभा. तेव्हापासून कागदाशिवाय मी एक सूर काढलेला नाही. त्या दिवशी शेजारच्या कुणी पुढचा सूर नुसता गुणगुणला असता तरी..."

 ज्यांना स्वतःचे नाव ठाऊक नव्हते त्या महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नका हो," ते म्हणाले. "असं होतं."

काय माउलीपण हे! सगळे विसरूनही एवढे राहिले होते.

सातवी चाल देवळाच्या पायऱ्या चढली. घंटा घणघणली. "नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर ओढ्यापलीकडून आला, आणि महाराजांनी डोळे मिटून उघडले.

"आनंदराव, घसा बसला की तुमचा. पाणी घ्या, निवांत बसा."

आनंदरावांनी पाणी घेतले. महाराजांना सगळे कळले होते की काहीच नाही, हे विचारायची त्यांना छाती झाली नाही.

गुलालाने माखलेला सटवाजी धावत आला. "म्हाराज, समदं वाजलं! कसं वाजलं ते तेवढं इचारू नका, मलाच ठावं न्हाई. बोटं आपली फिरत हुती!"

महाराज हसले. चटईवरची गुंडाळी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली. "तुझं तुला. दुसऱ्याची वस्तू आम्ही राहू देत नाही."

सटवाजीचे तोंड उतरले. "म्हंजे फुडल्या साली पुन्ना इसरनार?"

"विसरशील. वय झालं बाबा. देह आहे तोवर हे चालायचंच."

"मग सेवंचं काय?"

महाराजांनी आनंदरावांकडे पाहिले. बोलले ते आनंदराव.

"पुढच्या साली याच्या डाव्या अंगाला मी चालेन," ते म्हणाले. "सातही चाली मला तोंडपाठ आहेत. हा ओट्यावर वाजवायचा तेव्हा दोन वर्षं चूक धरायला कान लावून बसत होतो, त्यात पाठ झाल्या. हा अडला की कानात पुढचा सूर गुणगुणेन. पाऊल थांबणार नाही."

"आणि लाल कोट?" महाराजांनी विचारले.

"कोट नको. अनवाणी येईन."

असे म्हणून ते पायावर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी हळूच पाय मागे घेतले आणि सटवाजीकडे बोट दाखवले. आनंदराव क्षणभर अडखळले. मग तिकडे वळले आणि गुरवाच्या धुळीने भरलेल्या पायांवर त्यांनी मस्तक टेकवले. ज्या मिशांनी कधी कुणापुढे खाली पाहिले नव्हते त्या मिशा गुलालात लडबडल्या.

सटवाजी पुरता गोंधळला. "मास्तर, आवं मानूस चुकलासा," तो म्हणाला. "म्हाराज तिकडं हायती."

आनंदरावांनी डोके उचलले नाही.