वठलेल्या झाडावरची शाळा

त्या रानात दोन ऋतूंपासून पिल्लांना गाणे शिकवणे बंद होते.

गाणे ही तिथे हौस नव्हती. शिक्रा आला, पाणी आले, वणवा लागला, मी इथे आहे, हे सगळे पक्षी एकमेकांना गाऊनच सांगत. आणि गाणे कोणालाही जन्मतः येत नसे. अंगावरची लव झडून पक्की पिसे येईपर्यंत पिल्लाचा गळा कोवळा असे. तेवढ्या काळात जे शिकले ते शिकले. पुढे गळा टणक होई आणि त्यात नवा सूर शिरत नसे.

शाळा पूर्वी एका जुन्या वडावर भरायची. पानांची दाटी अशी की वारा आत येत नसे. पिल्ले पंखाला पंख लावून बसत. मग कंठरोग आला. एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या गळ्यात जाणारा तो आजार पिल्लांना बहुधा सोडून देई, पण त्यांच्याबरोबर घरट्यात शिरून म्हाताऱ्यांना गाठी. शाळा बंद करा, असे सर्वांत आधी म्हणाली ती शाळेची बाईच, मथुराबाई नावाची दयाळ पक्षीण. तिचा जोडीदार त्या रोगाने गेला होता. शेवटच्या दिवसांत ती समोरच्या झाडावरून त्याच्याकडे पाहत बसायची. जवळ जाण्याची सोय नव्हती. रोग वगैरे काही नाही असे कोणी म्हटले की त्याच्याशी ती बोलणे टाकायची.

राज्य गरुडाचे होते आणि कारभार प्रधान बगळ्याचा. शाळेवर बगळ्याने तोड काढली. मथुराबाईने नदीकाठच्या कड्यासमोर बसून गावे, कडा तिचा आवाज परत फेकील आणि पिल्लांनी आपापल्या घरट्यात बसून तो ऐकावा. दरबारात या युक्तीचे फार कौतुक झाले.

उंच झाडांवरच्या पिल्लांना कडा बरा ऐकू येई. खालच्या झुडपांत त्याचे अर्धेमुर्धे पोचे. आणि माळावर, गवतात घरटे करणाऱ्या चंडोलांपर्यंत आवाज येई तो पार विरून. प्रत्येक गाण्याची शेवटची लकेर तेवढी कानी पडे. ठकू चंडोलीची थोरली लेक ओवी रोज मान उंच करून ती लकेर पकडायची आणि दिवसभर घोकायची. तिचे चुकते की बरोबर येते, हे कड्याला कळत नव्हते.

दुसऱ्या ऋतूत रोगाचा जोर ओसरला. पुरता गेला नव्हता, पण पक्षी आता त्याला ओळखू लागले होते. तो कोंदट जागी पसरतो, वाहत्या वाऱ्यात दुबळा होतो, हे सगळ्यांना ठाऊक झाले. तळ्यावरची मासळीची जत्रा सुरू झाली. उंबराखालची पंगत पुन्हा बसू लागली. मोरांचे नाच सुरू झाले आणि ते पाहायला फांद्या वाकेपर्यंत गर्दी होऊ लागली. शाळा तेवढी बंद राहिली. दरबारात पिल्लांना जागा नव्हती, त्यामुळे त्यांचा विषय काढायचे कोणाला सुचले नाही.

एका सकाळी ठकू मथुराबाईकडे आली. पंख विस्कटलेले, डोळे कोरडे. ती फांदीवर न बसता खाली मातीतच बसली.

“बाई, शिक्र्यानं माझा धाकटा नेला.”

मथुराबाई खाली उतरली. तिच्यापासून अंतर ठेवून बसली. “कोणी हाळी दिली नाही?”

“ओवीनं दिली. तिनंच आधी पाहिला त्याला. जीव खाऊन ओरडली पोर. पण तिच्याजवळ आहे काय? शेवटाची लकेर. ‘शिक्रा आला’ आणि ‘पाणी आलं’ यांचा शेवट एकच, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? फरक सगळा सुरुवातीला. धाकट्याला वाटलं, ताई पाण्याला बोलावतेय. तो हसत गवतातून बाहेर आला.”

मथुराबाईची नजर माळाकडे गेली.

“तेव्हापासून ओवीनं चोच उघडलेली नाही,” ठकू म्हणाली. “बाई, तिची लव झडायला लागलीय.”

त्याच दिवशी मथुराबाई दरबारात गेली. प्रधान बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. तिने सगळे सांगितले. वडावर जायचे नाही, हे तिने आधीच कबूल केले. माळाच्या टेकाडावर एक वठलेले झाड होते. पान नाही, चहूकडून वारा. एका फांदीवर एकच पिल्लू बसवायचे. कोणाचा गळा जरा जरी बसला तरी त्याने घरी थांबायचे. ज्यांच्या घरट्यात म्हातारे असतील त्या पिल्लांनी परतल्यावर आधी नदीत पंख धुवायचे. एवढे करून शाळा भरवू द्या, असे ती म्हणाली.

“आणि एखादं पिल्लू आजारी पडलं तर?” बगळ्याने विचारले. “जबाबदारी कोणाची?”

“माझी. शिक्र्यानं नेलं त्याची कोणाची?”

“ते रोगानं गेलेलं नाही. आमच्याकडे रोगाचा विचार होतो.”

“तळ्यावर जत्रा भरलीय, प्रधानजी. तुमच्या पायाशी मासळीसाठी रेटारेटी चाललीय.”

“जत्रेशिवाय राज्य चालत नाही,” बगळा शांतपणे म्हणाला. “बाई, तुमची कळकळ कळते. थंडी सरू द्या, मग पाहू.”

“थंडी सरेपर्यंत त्यांचे गळे टणक होतील.”

बगळ्याने दुसरा पाय पाण्यात टेकवला आणि पहिला उचलला. भेट संपली होती.

मथुराबाई घरट्याकडे गेली नाही. ती झाडाझाडावर, झुडपाझुडपावर गेली आणि प्रत्येक आईला म्हणाली, “उद्यापासून माळावर शाळा आहे. हुकूम नाही. मी भरवतेय.”

काही आयांनी लगेच हो म्हटले. पाने शिवून घरटे करणाऱ्या शिंपिणीने मात्र नकाराची मान हलवली. तिची आई त्या रोगाने गेली होती आणि सासरा अजून घरट्यात खोकत होता. “मला भीती वाटते, बाई. रागवू नका.”

“रागवू कशाला? तुझी भीती खरी आहे. पिल्लाला तुझ्याच झुडपाच्या शेंड्यावर बसव. मी माळाच्या या टोकाला येऊन त्याच्यासाठी वेगळं गाईन.”

दुसऱ्या दिवशी वठलेल्या झाडावर पिल्ले आली. पहिल्यांदा ती सवयीने एकमेकांकडे सरकू लागली; मथुराबाईने एकेकाला उठवून फांदी दिली. ओवी आली, सगळ्यांत खालच्या फांदीवर बसली आणि गप्प राहिली. मथुराबाईने तिला गा म्हटले नाही. तिने ‘शिक्रा आला’ची सुरुवात घेतली, तेवढीच, पुन्हा पुन्हा, शेवट न गाता. बाकीची पिल्ले कंटाळली. कुजबुज झाली. तरी ती थांबली नाही. उन्हे उतरायला लागली तेव्हा ओवीची चोच किंचित उघडली आणि तिच्या गळ्यातून ती सुरुवात निघाली, चिरकी, थरथरती. पुढे ती रडू लागली. मथुराबाईला तिच्याजवळ जाऊन तिला पंखाखाली घ्यावेसे वाटले. ती आपल्या फांदीवर बसून राहिली आणि म्हणाली, “मी इथेच आहे. पुन्हा घे.”

मध्येच एकदा सातभाईच्या पिल्लाचा गळा बसला. मथुराबाईने तत्क्षणी शाळा सोडली आणि सगळ्यांना घरी थांबवले. रानभर कुजबुज झाली, आता बघा कसे पसरते. ती स्वतः रोज लांबून प्रत्येक घरट्याची चौकशी करत हिंडली. सातभाईचे पिल्लू बरे झाले. त्याच्यापासून फांदीभर लांब बसलेल्या कोणालाही काही झाले नाही. शाळा पुन्हा भरली आणि या वेळी शिंपिणीचे पिल्लूही झाडावर आले. त्याची आई पलीकडच्या बाभळीवरून डोळ्यांत तेल घालून पाहत होती.

ही बातमी मात्र दरबाराला खपली नाही. रोग पसरला असता तर बगळ्याचे बरोबर ठरले असते. तो न पसरल्याने हुकूम मोडल्याचा गुन्हा अधिकच मोठा दिसू लागला.

एका सकाळी पिल्ले आली तर झाड काळे झालेले. दरबाराचे शिपाई कावळे फांदीफांदीवर बसले होते, एकही जागा रिकामी न ठेवता, अगदी पंखाला पंख लावून. बगळा स्वतः बुंध्याशी उभा होता.

“शाळा बंद आहे,” तो म्हणाला. “ज्यानं त्यानं घरी जावं.”

पिल्ले हवेतच घुटमळली. आया बाभळींवरून हाका मारू लागल्या. मथुराबाई एका वारुळावर उतरली.

“प्रधानजी, झाड तुमचं. ठेवा. पोरांनो, लांब लांब बसा. जिथं जागा मिळेल तिथं.”

एक पिल्लू दगडावर उतरले. एक तरवडाच्या झुडपावर. शिंपिणीच्या पिल्लाने आईकडे पाहिले. आईने बाभळीची आपली फांदी सोडली आणि त्याला ती दिली. बघता बघता पिल्ले माळभर पसरली, एकमेकांपासून इतकी दूर की कोणाचा श्वास कोणापर्यंत पोचू नये. मथुराबाईने पहिला सूर लावला. कोणी साथ केली नाही. कावळ्यांच्या चोची तिच्याकडे वळल्या होत्या.

मग गवतातून ओवी उठली. चंडोल उडतात तशी ती सरळ वर निघाली, पंख फडफडवत, आणि उडता उडता गाऊ लागली. सुरुवातीपासून. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आले. खालून दगडाने साथ दिली, तरवडाने दिली, बाभळीने दिली.

“खाली उतरवा तिला!” बगळा ओरडला. “कोणत्या फांदीवर आहे ती?”

कावळ्यांनी वर पाहिले. ती कोणत्याही फांदीवर नव्हती.

कोणी हलले नाही. बगळ्याने पुन्हा हुकूम दिला. तेव्हा टोकाच्या फांदीवरचा एक थोराड कावळा उठला, शेजाऱ्यापासून सुटा झाला आणि त्याने माळाच्या कडेला एका खुरट्या झाडाकडे पाहून हाक घातली. तिथून, पानाआडून, एक पिल्लू बाहेर आले. त्याचेच होते. अंगावरची लव अजून गेली नव्हती. रोज सकाळी ते तिथे येऊन बसत असावे.

कावळ्याने आपली जागा त्याला दिली आणि दुसऱ्या शिपायांना रेटून फांदी मोकळी केली.

“अंतर ठेवून बस,” तो म्हणाला, “आणि मोठ्यानं गा.”