फुकटचा मांडा

“मग मागितले तर पाप लागतं का, बाबा? हो की नाही, एवढंच सांगा.”

द्वारकेनं हे विचारलं तेव्हा मठात पंगत बसलेली. पत्रावळींवर मीठ वाढून झालेलं. चुलीवर खापर तापलेलं. कणीक तयार, पुरण तयार. फक्त द्वारका तयार नव्हती.

मी चुलीत लाकडं सारत होतो. असल्या वेळी मी जागचा हलत नाही. भांडण मला जेवणापेक्षा गोड लागतं.

आमचे गुरू भिकनबाबा म्हणाले, “काय मागितलं तर?”

“पैसे. मांड्यांचे.”

“कुणाला मागितलेस?”

“कुणालाच नाही.”

“मग चिडतेस कुणावर?”

ती आणखी चिडली.

आमच्या गावात मांडे करावेत ते द्वारकेनं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत ती असा मोठा करते, की पलीकडचा माणूस दिसावा. मग उपड्या खापरावर टाकते. ना सुरकुती, ना भोक. लग्न असो, बारसं असो, बोलावणं तिलाच. आणि निघताना काय? ओटीत एक नारळ आणि एक ब्लाउजपीस.

“पेटी भरलीय, बाबा! सगळे पोपटी. एक तर मीच हळदीकुंकवाला दिलेला. गावभर फिरून माझ्याच ओटीत परत आला. नवऱ्याचा हातमाग निम्मा आठवडा बंद. डब्यात तेल नाही. ते पीस शिजवून घालू का पोरांना?”

“नारळ असतात की,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हातातलं लाकूड मी चुलीऐवजी धोतरावर ठेवलं.

“आणि आता त्या सुलोचनाकाकू! पुढच्या आठवड्यात लेकीचं लग्न. दोन दिवस मांडे करायला ये म्हणतात. वर म्हणतात, तुझी ओटी चांगली भरीन हो!”

सुलोचनाकाकू म्हणजे गावची सराफीण. पंगतीत पहिल्याच पाटावर बसल्या होत्या. पाटावर मावत नव्हत्या, पण ते जाऊ द्या.

“मग सांग तिला दर,” बाबा म्हणाले.

“मी? आजवर कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही मी. लोक म्हणतील, द्वारका दुकान मांडून बसली.”

“म्हणजे तू बोलायचं नाही, आणि त्यांनी द्यायचं.”

“त्यांना कळू नये?”

बाबा दाढी कुरवाळू लागले.

“तुम्हाला तरी कुठं कळतं?” तिचा आवाज खाली आला, आणि तो वरच्यापेक्षा वाईट होता. “मठाचे मांडेही मीच करते. तुम्ही देता तो पीससुद्धा पोपटीच असतो.”

मला इतका आनंद झाला की विचारू नका. बाबांना असं तोंडावर बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

बाबांचे कान लाल झाले.

“ऊठ!”

“बाबा...”

“ऊठ म्हणतो ना!”

ती उठली. बाबा खापरापुढे बसले. बाह्या सारल्या, गोळा घेतला, हातांवर नाचवायला गेले. पुरण एका अंगाला, कणीक दुसऱ्या. अर्धा मांडा दाढीला. उरला तो खापरावर आपटला आणि तिथंच चिकटला. धूर झाला. उलथन्यानं खरवडून काढला तेव्हा त्याला मांडा म्हणायला माझी जीभ धजेना. आणि माझी जीभ कशालाही धजते.

बाबा तो घेऊन तरातरा पंगतीत गेले. सुलोचनाकाकूंच्या पत्रावळीवर टाकला.

“खा.”

“हे... काय आहे, बाबा?”

“मांडा.”

“जळलाय हो!”

“फुकट आहे. खा.”

“अहो, द्वारका असताना तुम्ही कशाला... ए द्वारके, कर ना गं बाई! लोक खोळंबलेत.”

“ती तुझ्या घरची बटीक आहे?” बाबा गरजले. “की माझ्या?”

काकू फणकारल्या. “बरं! काय हवंय तिला? बोलू दे की तिच्या तोंडानं!”

सगळ्यांच्या माना द्वारकेकडे वळल्या. तिनं पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. हात केव्हाचे कोरडे होते.

बाबा तिच्याकडे बघतही नव्हते. दाढीतलं पुरण काढत होते.

“एका मांड्यामागं...” द्वारका म्हणाली.

मग तिनं आकडा सांगितला. मोठ्यानं. पार शेवटच्या पाटापर्यंत ऐकू जाईल असा. “आणि पुरण, तूप, लाकडं तुमची. हाताखाली दोन बायाही तुमच्याच.”

“अगं बाई! एवढे?”

“महाग वाटत असेल तर बाबांना न्या, काकू,” मी म्हणालो. “ते फुकट येतील.”

पंगत हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पत्रावळीवरच्या त्या काळ्या चिंधीकडे पाहिलं. व्याह्यांच्या पानात ती पडलेली त्यांना बहुतेक दिसली असावी.

“सोमवारी उजाडताच ये,” त्या दातओठ खात म्हणाल्या. “आणि उशीर केलास तर बघ!”

द्वारका खापरापुढे बसली. गोळा तिच्या हातांवर असा काही नाचला, की मी लाकडं सारायची विसरलो. पहिला मांडा उतरला, त्यावर तूप पडलं, आणि तो घेऊन ती धावत बाबांकडे गेली. डोळ्यांत पाणी.

“पहिला तुम्हाला, बाबा.”

“याचे किती?”

“तुमच्याकडून का घ्यायचे? तुम्ही गुरू. मठाचे फुकटच.”

बाबांनी पत्रावळ दूर ढकलली. रागानं त्यांची दाढी थरथरत होती.

“मग तो काकूच्या पानातला आण मला.”