चिंगीचं बाळंतपण

एका गावात एक भोळा शिंपी होता. त्याचं नाव केरबा. गिऱ्हाईक म्हणालं, "बाही जरा सैल ठेव," की हा विचारायचा, "जरा म्हणजे किती बोटं?" सांगितलं तेवढं करायचं, सांगितलं नाही ते करायचं नाही, असा त्याचा बाणा. त्याची बायको हौसा मात्र हुशार होती. दोघांच्या वाटची अक्कल तिलाच चालवावी लागे.

एकदा हौसानं आठवडी बाजारातून दोन ससे आणले. पांढरी चिंगी आणि करडी पिंगी. विकणारा दगडू झेंडे छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "दोन्ही माद्या हायेत, वैनी. खुशाल एका खोक्यात ठेवा."

केरबानं खुशाल एका खोक्यात ठेवल्या.

अडीच महिन्यांनी चिंगी स्वतःच्या पोटावरचे केस उपटायला लागली आणि कोपऱ्यात रचायला लागली. केरबाला वाटलं, हिला खरूज झाली. त्यानं केस गोळा करून पिशवीत भरले आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. चिंगीला नेलं नाही. दुखणं केसांचं होतं ना!

शितोळे डॉक्टर वयस्कर आणि तापट. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग केरबाकडे पाहिलं आणि चपला घालून ते त्याच्या घरी आले. चिंगीच्या पोटाला हात लावून म्हणाले, "अरे, ही गाभण आहे! आणि ही पिंगी कसली, हा पिंग्या आहे! आधी ह्याला दुसऱ्या खोक्यात टाक. ते केस परत ठेव, पिल्लांसाठी गादी करतेय ती. आता तिला हात लावायचा नाही. वर पोतं टाकून अंधार करायचा आणि लांब उभं राहायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हौसा गिरणीतून दळण घेऊन आली, तर केरबा अंगणाच्या पार टोकाला उभा.

"काय झालं हो?"

"चिंगीला सकाळपासनं कळा येतायत. एक पिल्लू अर्धं भाईर आलंय, अर्धं येत न्हाई."

"अगं बाई! मग तुम्ही हितं काय करताय?"

"लांब उभा ऱ्हायलोय."

हौसानं दळण तिथंच टाकलं, चिंगीला पदरात घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी अडलेलं पिल्लू हलक्या हातानं सोडवलं. ते गेलेलं होतं. मागची सहा जिवंत निघाली, पण चिंगी पार गळून गेली. हौसाला रडू आवरेना. केरबाही रडला. चूक आपली झाली एवढं त्याला कळलं होतं, कुठली ते कळलं नव्हतं.

डॉक्टर कडाडले, "अरे शहाण्या, जीव अडलेला दिसला की बघत बसायचं नाही! फडक्यात गुंडाळायचं आणि पळत माझ्याकडे आणायचं! कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी केरबा शिलाई सोडून खोक्यापाशी बसला. सहाही पिल्लं डोळे मिटून पडलेली. चिंगी दुसऱ्या कोपऱ्यात पाठ करून बसलेली. दुपार झाली तरी तिनं वळून पाहिलं नाही. केरबाला वाटलं, ही पिल्लं अडली. त्यानं सरपंचीणबाईंच्या अर्ध्या शिवलेल्या पोलक्यात सहाही पिल्लं गुंडाळली आणि धूम ठोकली. डॉक्टर नुकते जेवायला बसले होते.

"डॉक्टरसाहेब, सहा जीव अडलेत! डोळं उघडत न्हाईत, आई बघत न्हाई!"

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. "सशाची पिल्लं आठ-दहा दिवस डोळे उघडत नाहीत, केरबा. आणि आई दिवसातून एकदा-दोनदाच पाजते. ही पोटं बघ, कशी टम्म आहेत. जा, जे जिथं होतं ते तिथं नेऊन ठेव. कळलं?"

"कळलं."

केरबानं पिल्लं गादीत ठेवली. मग इकडंतिकडं पाहिलं. पिंग्या दुसऱ्या खोक्यात होता. पण आधी कुठं होता? चिंगीजवळ! जे जिथं होतं ते तिथं. त्यानं पिंग्याला उचललं आणि चिंगीच्या खोक्यात सोडणार, तेवढ्यात हौसानं हात धरला. मग ससा आणि नवरा, दोघांना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली.

या वेळी डॉक्टर ओरडले नाहीत, त्यामुळे केरबा जास्तच घाबरला.

"सशाची मादी व्याली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते," ते म्हणाले. "हिच्या अंगात आता त्राण नाही. पुन्हा राहिली तर वाचायची नाही. हा नर तीन महिने चिंगीच्या आसपास दिसता कामा नये. पुरते तीन महिने!"

केरबाचा चिंगीवर फार जीव होता. तो शिलाई मारायला बसला की ती त्याच्या पायाशी येऊन बसायची. त्यानं खूप विचार केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, बाळंतीण माहेरी आणि नवरा लांब. पण चिंगीला तर हलवता येत नाही. मग नवऱ्यालाच तिच्या माहेरी धाडलं तर?

चिंगीचं माहेर म्हणजे दगडूचं खुराडं. तिथं एकोणीस माद्या होत्या. केरबानं पिंग्याला दगडूच्या हातात दिलं.

"तीन म्हैनं सांभाळ, दगडूभाऊ. पन ह्यो नर हाय बरं का."

दगडू खो खो हसला. "पाव्हणं, वीस वर्षं ससं इकतोय मी. मला शिकवताय व्हय?" आणि त्यानं पिंग्याला एकोणीस जणींत सोडून दिलं.

केरबानं त्या एकोणीस जणी नीट निरखून पाहिल्या. त्यांत चिंगी नव्हती. तो निश्चिंत मनानं घरी आला.

महिना झाला. चिंगी गुबगुबीत झाली. पिल्लं शिलाई मशीनखाली चिंध्यांत लोळायला लागली. आणि एका सकाळी टोपी हातात घेऊन दगडू धापा टाकत दारात आला.

"केरबा! एकोणीसच्या एकोणीस व्याल्या! खुराड्यात पाय ठिवायला जागा न्हाई! माझी चूक झाली बाबा, पाया पडतो, पर तुझा त्यो नर आजच्या आज घिऊन जा!"

केरबानं पायाशी बसलेल्या चिंगीकडे पाहिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग बोटांवर महिने मोजले.

"आज कसा न्हेऊ, दगडूभाऊ?" तो समजुतीनं म्हणाला. "डॉक्टरसायबांनी पुरतं तीन म्हैनं सांगितलंय. अजून दोन म्हैनं ऱ्हाऊ दे त्याला त्येंच्यातच."