नावाड्याच्या तोंडावरचे वण

“मग यात वाईट काय आहे, ते तरी सांगा!”

मृणालने छापलेला ताव पांचाळमास्तरांच्या नाकासमोर धरला होता. शाई अजून ओली होती आणि बाई चांगल्याच तापल्या होत्या.

मास्तर वाईतल्या आपल्या जुन्या छापखान्यात, पायाने चालवायच्या मशीनशेजारी स्टुलावर बसले होते. वय एक्क्याऐंशी. कुणी कितीही तापलं तरी त्यांना घाम फुटत नसे.

“बोट फिरवून बघा, मास्तर. अक्षर कसं खोल रुतलंय! पुण्याच्या प्रदर्शनात लोक अशा कागदावर हात फिरवतात आणि हरखून जातात.”

मास्तरांनी डोळे मिटले. बोट फिरवलं.

“खरंच. डोळे मिटूनसुद्धा वाचता येतंय.”

“बघा!”

“मग देवाने डोळे कशाला दिले?”



मास्तरांनी ताव उलटला. मागच्या बाजूला तिनेच कोरलेल्या लाकडी ठशाचं चित्र होतं. कृष्णेतला म्हातारा नावाडी. महिनाभर खपून कोरलेला. इतका चांगला ठसा आपण आजवर कोरला नाही हे तिला माहीत होतं, आणि तिने ते गावभर सांगितलंही होतं.

पुढच्या बाजूची अक्षरं नावाड्याच्या गालांवर फोडांसारखी वर आली होती.

“याला देवी कधी आल्या गं?” मास्तरांनी विचारलं.

मृणालचे वडील, दिगंबर, याच छापखान्यात चौतीस वर्षं जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि लोकांची पुस्तकं उभी करायची. स्वतःची मात्र एकच वही. नदीबद्दल लिहिलेली. ती तशीच राहिली आणि ते गेले.

ते गेल्यावर मृणालने नोकरी सोडली. वहीचं पुस्तक करायचं, शंभर प्रती, बाबांच्या बोटांतून गेलेल्या त्याच खिळ्यांनी, आणि चित्रं आपल्या हातच्या ठशांची. ठरलं म्हणजे ठरलं.

पण खिळे मास्तरांचे होते. त्यांनी अट घातली होती. आधी एक पान नीट छापून दाखव, मग पुस्तकासाठी खिळे घे.

हा सातवा ताव होता.

“असे खिळे आता कुणी ओतत नाही,” मास्तर म्हणाले. “तू असा दाब देत राहिलीस, तर शंभर प्रती निघायच्या आत दिगूचे खिळे चेपून जातील. नाही द्यायचा मी.”

मृणालला फार लागलं ते. पण ती रडली नाही. नवा ताव घेतला.

दुसऱ्या दिवशी नावाड्याचे गाल गुळगुळीत होते.

मास्तरांनी ताव तळहातावर तोलला.

“कागद जाड घेतलास.”

“…हो.”

“नावाड्याला गोधडी पांघरलीस. देवी गेल्या नाहीत.”

तिसऱ्या दिवशी तिने दाब कमी केला. नावाडी छान आला. पण पुढच्या बाजूला निम्मी अक्षरं गायब. नदी म्हणावं तिथे नुसतीच ‘दी’ उरलेली.

“जोर लावला तर रुततं, नाही लावला तर उमटत नाही!” तिने ताव टेबलावर आपटला. “मी करायचं तरी काय? बाबा काय करायचे?”

मास्तर उठले. खणातून पतंगाचा कागद काढला. गुलाबी. नखाएवढा तुकडा फाडला. मशीनमध्ये ताव जिथे टेकतो, तिथे मागे एक जाड कागद लावलेला असतो. त्यावर, हरवलेल्या ‘न’च्या बरोब्बर मागे, त्यांनी तो तुकडा खळीने चिकटवला.

पायटा एकदाच दाबला.

‘न’ उमटला. हलका, काळाभोर.

“हा झिजलाय,” मास्तर म्हणाले. “त्याच्यापुरतं दे. त्याच्यासाठी सगळ्यांना कशाला चेपतेस?”

“पानावर साडेचारशे अक्षरं आहेत, मास्तर!”

“दिगू एकेक उचलूनच ठेवायचा.”

आणि ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

मृणालने पदर खोचला. एक ताव छापायचा, भिंगाने बघायचा, तुकडा चिकटवायचा, पुन्हा छापायचा. तुकडा जास्त झाला की काढायचा, अर्धा करून लावायचा. पाठीचा काटा ढिला झाला, तरी ती हटली नाही.

सगळ्यात झिजलेले होते ते रोज लागणारे. न, त, र, काना. ‘ठ’ अजून तरणाताठा होता. ‘ज्ञ’ तर कालच ओतल्यासारखा.

एका ‘त’वर तिचा हात थांबला. बाबांचा अंगठा आठवला. शिशाने काळा पडलेला, घट्टा पडलेला. जेवायला बसतानाही तो काळाच असायचा, आणि लहानपणी तिला त्याची लाज वाटायची… बाबांची इतकी आठवण तिला ते गेले तेव्हाही आली नव्हती.

तिने ‘त’च्या मागे तुकडा लावला. फार हलक्या हाताने.

सहाव्या दिवशी पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. तिथे बाबांचं पुस्तक मांडायचं तिने कबूल केलं होतं.

“पुस्तक झालेलं नाही. येणार नाही,” तिने सांगून टाकलं आणि भिंग उचललं.

बाराव्या दिवशी सकाळी तिने मास्तरांच्या मांडीवर एक ताव ठेवला. पातळ कागदाचा.

मास्तरांनी डोळे मिटले.

बोट पहिल्या ओळीवरून निघालं, शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. ताव उलटला. बोट नावाड्याच्या गालावरून फिरलं, कपाळावरून, हनुवटीवरून… पुन्हा ताव सुलटा झाला.



“पोरी,” मिटल्या डोळ्यांनीच मास्तर म्हणाले, “हा कागद तर कोरा आहे.”

“मग… खिळे?”

मास्तरांनी डोळे उघडले. दिगूची ओळ न ओळ वाचली. सावकाश. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

“असेच शंभर कोरे काढ.”