इनासचे टेकाड

मोरखार गावाच्या भातशेतीत, खाडीच्या बांधापासून थोड्या अंतरावर, एक टेकाड आहे. आजूबाजूची जमीन ताटासारखी सपाट, आणि मध्येच हे पुरुषभर उंचीचे टेकाड. इथे कोणाला पुरले आहे का, की खाली जुना बुरूज आहे, असे पाहुणे हटकून विचारतात. शाळेतून निवृत्त झालेले बावतीस मास्तर त्यांना घेऊन बांधावर येतात. “पुरलेले काही नाही,” ते म्हणतात. “एका माणसाने वाहून आणलेली माती आहे ती. निदान आम्ही तरी असे ऐकत आलो.” हे कधी घडले, यावर मास्तरांचे आणि त्यांच्या थोरल्या भावाचे अजून एकमत नाही.

गावात इनास नावाचा बांधाचा राखणदार होता म्हणे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाच्या उघाडीला फळ्या लावायच्या आणि ओहोटीला त्या काढून पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, हे त्याचे काम. उघाडीच्या तोंडाशी मासळी चांगली मिळे. तिथे जाळे कोणी लावायचे, यावरून त्याचे पेद्रूशी बिनसले. पेद्रूचे शेत बांधाला लागूनच होते. एका उधाणाच्या दिवशी, भर दुपारी, भात पोटरीला आलेले असताना इनासने दोन फळ्या काढल्या आणि घरी जाऊन तो जेवायला बसला.

भात पिवळे पडले. खारवलेल्या जमिनीत पुढची दोन वर्षे दाणा झाला नाही. पेद्रू पोटासाठी लांबच्या मिठागरावर गेला आणि तिथेच तापाने वारला. फळ्या कुजल्या होत्या असे इनासने सांगितले होते, आणि गावाने ते मानलेही होते. पण पेद्रू गेल्याची बातमी आली आणि इनासच्या घशाखाली घास उतरेना. ईस्टरआधीच्या उपासकाळात तो कुमसाराला, म्हणजे पाप कबूल करायला, पाद्रींपुढे गुडघ्यावर बसला. पाद्रींनी त्याला देवाच्या नावाने क्षमा दिली. पेद्रूच्या बायकोला, कातरीनला, खरे काय ते सांगायचे आणि तिच्या बाजूचा, त्या उधाणात खचलेला बांध चाळीस पाट्या माती टाकून भरून द्यायचा, एवढे प्रायश्चित्त नेमून दिले.

कातरीनने सगळे ऐकून घेतले आणि दार लावले. आठ दिवस ती त्याच्याकडे न बघता जात-येत होती. नवव्या दिवशी बांधावर येऊन म्हणाली, “माझ्याकडून सुटलास,” आणि रडत परत गेली.

बांध भरला, पण इनास थांबला नाही. खाडीतला चिखल उचलायचा आणि तिच्या शेताच्या कोपऱ्यात टाकायचा, असे तो रोज करू लागला. आजच्या पाटीनंतर छातीवरचा भार उतरेल, असे त्याला रोज वाटे, आणि सकाळी उठला की भार तिथेच असे. त्याच्या स्वतःच्या वाडीत गवत माजले. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तो देवळाच्या दाराबाहेर उभा राही. अशी सात वर्षे गेली, असे सांगतात.

सातव्या वर्षी ईस्टरच्या सकाळी कातरीन देवळातून परतत होती. इनास पाटी घेऊन टेकाड चढत होता.

“आज तरी ठेव ती,” ती म्हणाली.

“अजून फिटलं नाही, बाय.”

“कधी फिटेल?”

इनासने पाटी सावरली आणि आणखी एक पाऊल वर टाकले.

“आधी पाण्याने माझं शेत खाल्लंस, आता मातीने खातोयस. अख्खा कोपरा गेला माझा या ढिगाखाली.”

इनासने खाली बघितले. सात वर्षांत हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

“पाद्री म्हणाले, सुटलास. मी म्हटलं, सुटलास. ज्याने क्रुसावर जीव दिला, तोही तेच म्हणतो. एकटा तूच ‘नाही’ म्हणतोस. एवढा मोठा कधी झालास रे?”

जमीन खारी की गोडी, हे तिथले शेतकरी जिभेवर चिमूट ठेवून ओळखतात. कातरीनने त्याच्या पाटीतली चिमूट त्याला दिली. ती कडू लागावी इतकी खारट होती. मग तिने टेकाडाच्या पायथ्याची, पहिल्या वर्षाची माती उकरली. इनासने ती जिभेवर ठेवली, पुन्हा ठेवली. तिच्यात मीठ नव्हते.

“ही कोणी धुतली?” त्याने विचारले.

“तू नाही धुतलीस, एवढं खरं. तू पाट्या वाहत होतास, वरून पाऊस पडत होता.”

तिने त्याची पाटी रिकामी केली, पायथ्याच्या मातीने भरली आणि म्हणाली, “ही तुझ्या वाडीत घाल. काहीतरी लाव.” इनासने त्या मातीत वांगी लावली म्हणे. पुढच्या रविवारी तो देवळाच्या आत, तिसऱ्या ओळीत बसला होता.

आजही ईस्टरला मिस्सा संपली की प्रत्येक घरातून एक माणूस टेकाडावर येतो. घरात ज्याचे वर्ष जड गेले असेल, त्याच्याच हाती पाटी देतात. का जड गेले, हे कोणी विचारत नाही. तो पायथ्याची माती उकरून चिमूट जिभेवर ठेवतो. शेजारी उभा असलेला विचारतो, “खारट?” तो मानेने नाही म्हणतो, पाटी भरतो आणि घरी जातो.