टेकडीवर नेलेलं गाव

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक मोजणीदार राहत असे. दोरी आणि खुंट्या घेऊन तो दिवसभर हिंडायचा आणि जे मोजता येत नाही ते खरं नाहीच, असं छातीठोकपणे सांगायचा. शेजारी एक चितारीण राहायची. तिच्या चित्रात कडुलिंब देवळाहून उंच आणि लोहाराची ऐरण घराएवढी. ती पाहिली की मोजणीदाराला हसू आवरत नसे.

एका वर्षी पुराचं पाणी चुलींपर्यंत आलं. पुढच्या पावसाआधी गाव टेकडीवर न्यायचं ठरलं. मोजणीदाराने घर न् घर मोजलं आणि टेकडीवर चुन्याच्या रेघांनी तसंच गाव आखलं. टेकडीवर रेघांच्या मध्ये येणारा कडुलिंब तोडायचं ठरवलं, कारण झाडं काही मोजणीत धरत नाहीत.

पण टोपल्या विणणारी एक आंधळी म्हातारी अडून बसली. गाव तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. ती म्हणाली, "मी दारापासून कडुलिंबाच्या पारापर्यंत रोज एकटी जाते. वर तसं जाता आलं तर येईन, नाहीतर इथेच राहीन."

तिला वर नेऊन तिच्या आखलेल्या दारात उभं केलं. दहा पावलं चालून ती भर उन्हात गोंधळून थांबली.

"हे गाव कुणाचं रे?" तिने विचारलं.

लोक खाली परतले. आभाळ भरून येऊ लागलं होतं. मोजणीदाराचा चेहरा उतरला. मापात तर एका विताची चूक नव्हती. शेवटी अभिमान बाजूला ठेवून तो चितारणीकडे गेला.

"ताई, माझ्या दोरीतून काय सुटलं?"

तिने चित्र पसरलं. ऐरण मोठी, कारण तिचा ठणठणाट ऐकत म्हातारी वळते. कडुलिंब उंच, कारण गारवा लागला की ती थांबते. मात्र आवाज किती पावलं पोचतो, सावली कुठवर पडते, हे आपल्याला ठाऊक नाही, असं तिने मोकळेपणाने कबूल केलं.

मग मोजणीदाराने दोरीने आवाज मोजला, सावली मोजली. चुन्याच्या लाडक्या सरळ रेघा त्याने स्वतःच पुसल्या, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. टेकडीवरच्या कडुलिंबाला पार बांधला, मापाने ऐरण मांडली आणि बाकीचं गाव त्यांच्याभोवती आखलं.

म्हातारी पुन्हा दारातून निघाली. ठणठणाट ऐकून वळली. गालाला गारवा लागताच थांबली, हात पुढे केला आणि खोडाला टेकून पारावर बसली.

"पार जरा उंच झालाय," ती कुरकुरली. "उद्या माझे बांबू वर आणा."

पूर आला तेव्हा खाली कुणीच नव्हतं. वर पारावर चितारीण पावलं मोजायला शिकत होती आणि मोजणीदार कडुलिंबाचं चित्र काढत होता. चित्रातलं झाड केरसुणीसारखं दिसत होतं, पण देवळाहून उंच होतं.

तात्पर्य: गाव कुठे आहे ते दोरी सांगते, गाव कुणाचं आहे ते चित्र सांगतं, घर बांधायला निघालेल्याने दोघांनाही विचारावं.